प्लमस्टेडच्या कपाळावरचं कुंकू

सोमवारी सकाळी चारुताने चहाचं आधण ठेवलं, सवयीने फोन उघडला, आणि तिथेच सगळं बिनसलं. ब्रॅडवेल गावाच्या फेसबुक ग्रुपवर एक फोटो आला होता. टाउन हॉलच्या वरच्या सभागृहात एझ्रा प्लमस्टेड नावाच्या जुन्या पुढाऱ्याची तसबीर आहे, तिचा. म्हाताऱ्याच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, लाल ठिपका होता आणि त्यातून एक ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. वर कोणीतरी लिहिलं होतं, की हा गोळीचा घाव काढलाय, ही सरळसरळ धमकी आहे आणि पोलिसांनी तपास सुरू केलाय. खाली लोक नुसते तुटून पडले होते.

चारुताने गॅस बंद केला. तो घाव नव्हता हो, कुंकू होतं. आणि ते तिनेच लावलं होतं.

हसा, खुशाल हसा. पण जिची ग्रीन कार्डाची मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे तिला हसू येत नाही. नागपूरहून ती आणि अथर्व या देशात आले तेव्हा निधी पोटात होती. आता निधी नववीत होती आणि यांचा अर्ज अजून रांगेतच होता. मधल्या काळात चारुताने वेगाचा दंड होऊ दिला नव्हता, की लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं नव्हतं. नोकरी तिची, व्हिसा तिचा, अथर्वचे कागद तिच्या कागदांना बांधलेले. तिचं नाव एकदा का पोलिसांच्या दप्तरी चढलं, की दोघांनाही बॅगा भराव्या लागतील, अशी तिची पक्की समजूत होती. त्यात बाहेरून आलेल्यांवर सरकारची करडी नजर असण्याचे दिवस आले होते, माणसं लग्नाचे फोटो टाकतानासुद्धा दोनदा विचार करत. डॉक्टर शशिकांतकाका तर चाळीस वर्षांचे इथले नागरिक, पण सकाळी फिरायला जाताना जाकिटाच्या खिशात पासपोर्ट ठेवत.

झालं होतं ते असं. श्रूजबरी शहराच्या पलीकडच्या या छोट्या गावात आपल्या लोकांनी रविवारची मराठी शाळा चालवली आहे, आणि तिचं संमेलन शनिवारी सकाळी त्या सभागृहात होतं. चारुता शाळेची सेक्रेटरी, म्हणजे हॉल तिच्याच सहीने घेतलेला. दीपप्रज्वलन झालं. समई बॅटरीची, कारण खरी ज्योत लावली की अलार्म वाजतो. सरस्वतीच्या फोटोला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण शशिकांतकाका पाहुणे म्हणून उभे राहिले, त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, ज्याच्या घरात बसलोय त्या घरच्या वडीलधाऱ्याला नमस्कार नको का करायला? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे टाळ्या वाजल्या की विचार संपतो.

काकांनी उरलेला हार प्लमस्टेडला घातला आणि करंडा चारुताच्या हातात दिला. पहिल्या रांगेतून निधी दबक्या आवाजात म्हणाली, "मॉम, नॉट हिम." पण सगळं सभागृह बघत होतं, मुलं स्वागतगीतासाठी ताटकळली होती. चारुताने स्टुलावर चढून बोट टेकवलं. टेकवल्याबरोबर तिला कळलं, की पुढे काच नाही.

आपल्याकडे तसबिरीला काच असतेच. कुंकू काचेवर लागतं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसतात. हे मात्र उघडं तैलचित्र होतं. कार्यक्रम संपल्यावर हार काढताना तिने ओल्या टिशूने ठिपका पुसायचा प्रयत्न केला, तर तो खाली ओघळला. तेवढ्यात जेवणाचे डबे आले, कोणीतरी चमचे विचारले, आणि नंतर बघू म्हणून ती खाली उतरली ती उतरलीच.

आता हा प्लमस्टेड कोण, हे चारुताला चांगलं ठाऊक होतं, आणि तेच तिला जास्त टोचत होतं. निधीने शाळेत त्याच्यावरच प्रोजेक्ट केला होता. आदल्या महिन्यात चारुता पोळ्या लाटत असताना तिने तो सगळा म्हणून दाखवला होता. पोरीला मराठीत बोल म्हटलं की अर्धं इंग्रजी येतं, पण गोष्ट मात्र रंगवून सांगते.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा. एका वकिलाचं ऑफिस झाडायचा आणि झाडता झाडता त्याची पुस्तकं वाचायचा. त्या काळी तेवढ्यावर वकील होता येत असे. तेव्हा गावात रेल्वे टाकायला आयर्लंडहून माणसं आली होती, उपाशी, फाटकी. त्यांचे खटले कोणी घेत नसे, हा घ्यायचा. ब्रिजेट नावाच्या एका मोलकरणीवर मालकाचं कोठार जाळल्याचा आळ आला. सगळं गाव तिच्यावर उठलं होतं, तेव्हा हा एकटा उभा राहिला आणि तिला सोडवून आणलं. त्याच्या जिन्यावर मग रोज गर्दी. कोणी बटाटे आणून द्यायचं, कोणी कोंबडी.

मग त्याला आमदार व्हावंसं वाटलं. उभा राहिला आणि सपाटून पडला, कारण गाववाले म्हणाले, हा तर परक्यांचा वकील. पुढच्याच वर्षी हा पठ्ठ्या एका गुप्त पक्षात गेला. बाहेरून आलेल्यांना मत नको, नोकऱ्या नकोत, हाच त्या पक्षाचा धर्म. सभासदांना शपथ असे, की कोणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचं: मला काही माहीत नाही. प्लमस्टेड निवडून आला, मोठा झाला, वॉशिंग्टनपर्यंत पोचला. मधे एकदा आयरिश वस्तीतलं लाकडी चर्च कोणीतरी पेटवलं. कोणी, ते त्याला ठाऊक होतं, त्याचीच माणसं ती. साक्षीला बोलावलं तेव्हा ब्रिजेट बाकावर बसलेली होती. तिच्या देखत तो म्हणाला, मला काही माहीत नाही.

पुढे तो पक्ष बुडाला. हा परत येऊन वकिली करायला बसला, तर जिना चढून कोणी येईना. शेवटी त्याने स्वतःच्याच खर्चाने स्वतःची तसबीर काढून घेतली आणि गावाला भेट दिली. खाली पितळी पाटी आहे: वकील, लोकनेता, गावाचा सुपुत्र.

ही सगळी कारकीर्द पाटीवर लिहा, नाहीतर तसबीर उतरवा, असं निधीच्या इतिहासाच्या बाई मिस फीनी गावाच्या सभेत बोलल्या होत्या, आणि अर्धं गाव त्यांच्यावर खवळलं होतं. त्या दिवशी चारुताने "बरं बरं" म्हटलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली होती.

सोमवारी दुपारपर्यंत शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अळीमिळी गुपचिळी झाली. अध्यक्ष अरुणने सगळ्यांना फोन करून संमेलनाचे फोटो डिलीट करायला लावले. तुझाच इंटरव्ह्यू आहे म्हणून सांगतोय, असंही तो चारुताला म्हणाला, आणि ते खरंही होतं. अथर्व ऑफिसातून लवकर घरी आला. त्याचं म्हणणं साधं होतं. गुरुवार होऊन जाऊ दे, मग काय सांगायचं ते सांगू. तोवर कोणी विचारलंच तर आपल्याला ठाऊक नाही. चारुताला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काय हो, काहीही पटतं.

तिने करंडा मसाल्यांच्या डब्यांमागे लपवला. मग तिला वाटलं, लपवलेला सापडला तर जास्त वाईट दिसेल, म्हणून परत देवापाशी ठेवला. दारावरून गाडी गेली की ती पडद्याशी जायची. बोटाच्या पेरावर फिकट लालसर डाग राहिला होता, तो तिने भांड्यांच्या घासणीने घासला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि मंगळवारी दुपारी खरंच पोलिसांची गाडी घरासमोर थांबली. ऑफिसर पेल्टियर नावाचा पोक्त, जाडजूड माणूस होता. दारातच उभा राहून त्याने टोपी काढली. शनिवारी हॉल वापरणाऱ्या सगळ्यांकडे जातोय, म्हणाला. तुमच्या कार्यक्रमात त्या तसबिरीजवळ कोणी गेलं होतं का, काही दिसलं का, एवढंच विचारायचंय.

त्याच्या कमरेला काय काय लटकलंय तेच चारुताला दिसत होतं. नुकतीच शाळेतून आलेली निधी दप्तर पाठीला तसंच ठेवून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती.

"नाही," चारुता म्हणाली. "मला त्यातलं काही माहीत नाही."

पेल्टियरने वहीत टिपलं, आभार मानले आणि तो गेला. तिने दार लावलं आणि वळून पाहिलं. निधी तिच्याकडे बघत होती. मग वर जाऊन तिने खोलीचं दार लावून घेतलं. चारुताला आपलं वाक्य परत ऐकू आलं आणि ते कोणाचं आहे तेही कळलं. ती तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली. शरम तर वाटलीच, पण खोटं कशाला बोला, भीती शरमेपेक्षा मोठी होती.

बुधवारी निधी शाळेतून आली ती रडून लाल झालेली. मिस फीनींना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्याच सभागृहात त्यांच्या इतिहास मंडळाची बैठक व्हायची होती, आजारपणामुळे ती रद्द झाली, पण किल्ली रात्रभर त्यांच्याकडे होती. आणि तसबिरीविरुद्ध बोलल्या होत्या त्याच. लोक दोन आणि दोन जोडून मोकळे झाले. कोणीतरी त्यांच्या घराच्या फाटकावर लाल रंग फासला होता.

चारुताने पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती मागे सरकली. तिने डोळे पुसले आणि एरवी कधी बोलत नाही इतक्या नीट मराठीत बोलली.

"आई, मी जाऊन सांगते, की ते मी केलं. मी इथे जन्मलेय. या घरात मी एकटीच आहे, जिला कोणी परत पाठवू शकत नाही."

गेली चौदा वर्षं ज्या पोरीच्या पायी ही रांग धरली, ती पोर आईबाप आणि पोलीस यांच्या मधे उभं राहायचं ठरवत होती, आणि किती शांतपणे. हे सगळं आधीच विचार करून ठेवलं असणार. कधीपासून? किती वर्षं ही पोर अशी मोजत बसली असेल, कोणाला पाठवता येतं आणि कोणाला नाही? आजवर चारुताला परत जायची भीती वाटत होती. आता तिला दुसरीच भीती वाटली, आणि ती पहिलीहून मोठी निघाली.

"तू कुठेही जायचं नाहीस," ती म्हणाली. देवापाशी जाऊन तिने करंडा उचलला आणि गाडीची किल्ली घेतली. अथर्वला फोन करावा असं एकदा वाटलं, पण तो थांब म्हणेल आणि आपण थांबू, हे तिला ठाऊक होतं. निधी न विचारता शेजारी येऊन बसली.

ठाण्यात पेल्टियरने तिला एका छोट्या खोलीत बसवलं. निधीला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं. चारुताने करंडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. काच नव्हती इथपासून टिशूपर्यंत. शशिकांतकाकांचं नाव मात्र घेतलं नाही. पाहुणे म्हणाले, एवढंच म्हणाली. पेल्टियर ऐकत होता. हे नेमकं कसं लावतात ते दाखवा, म्हणाला. तिने करंड्यात बोट बुडवून स्वतःच्या कपाळावर टेकवलं. ठिपका वाकडा लागला.

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा माणूस कोण होता, ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्याने तुम्हाला या गावात राहू दिलं नसतं."

"माहीत आहे," चारुता म्हणाली. "पण आम्ही त्याच्या घरात बसलो होतो."

पेल्टियर पहिल्यांदाच थोडासा हसला. तिच्या जिवात जीव आला. हा अपघात आहे, तो म्हणाला, तसबीर साफ होते, मिस फीनींच्या शाळेला मी आत्ता फोन करतो, यात गुन्हा काही नाही. चारुताने डोळे मिटले. सुटलो, तिला वाटलं.

"पण काल दारात तुम्ही मला जे सांगितलं," तो म्हणाला, "तेही रिपोर्टमध्ये आहे. ते मी खोडू शकत नाही."

त्याचा आवाज कठोर नव्हता, तेच जास्त वाईट होतं. काल हेच सांगितलं असतं तर आपण दोघं हसलो असतो, तो म्हणाला. कुंकवाची शिक्षा नसते. पोलिसाला खोटं सांगितल्याची असते. मी पुढे काही करणार नाही, पण कागद राहतो. चारुताने मान हलवली. गेली मान द्यायला आणि गळ्यात पडलं हे. नुसतं कुंकू होतं ते, आणि भीतीने तिने स्वतःच्या हाताने त्याचा गुन्हा करून ठेवला होता.

बाहेर निधी उठून उभी राहिली. काय झालं, तिने विचारलं. एरवी चारुताचं उत्तर ठरलेलं असे: काही नाही, सगळं ठीक आहे. या खेपेला तिने पार्किंगमध्ये उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं, कागद राहतो इथपर्यंत. निधीने तिचा गार हात हातात घेतला.

"आई, भीती वाटतेय?"

"हो," चारुता म्हणाली. "फार."

अथर्व त्या संध्याकाळी जेवला नाही. रागावला, मग रडला, मग बसून दोघांच्या फायली लावू लागला. ग्रीन कार्डाचं काम बघणाऱ्या वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, की विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या, हो किंवा नाही, आपणहून एक शब्द बोलू नका. शशिकांतकाका घरी येऊन गेले. सोफ्याच्या कडेला बसून ते सारखे म्हणत होते, की माझ्या जिभेला हाड नाही, मीच ठाण्यात जातो. चारुताने त्यांना खाकरा आणि चहा दिला आणि गाडीपर्यंत पोचवलं. मिस फीनी शुक्रवारी शाळेत परतल्या. त्यांच्या फाटकाचा रंग काही निघाला नाही.

पुढच्या गुरुवारी चारुता आणि अथर्व त्या सरकारी इमारतीत जाऊन बसले. निधी बाहेर शशिकांतकाकांजवळ थांबली होती. आत टेबलापलीकडे चष्मा लावलेली एक बाई होती. तिच्यापुढे यांची जाडजूड फाइल. ती पानं उलटत, मान वर न करता, एकामागून एक प्रश्न विचारत होती. अटक झाली आहे का? नाही. कधी हद्दपार? नाही. अमुक संघटना, तमुक संघटना? नाही, नाही. उत्तरं इतकी पाठ झाली होती, की जीभ आपोआप चालत होती. अथर्वचा श्वास तिला शेजारी ऐकू येत होता.

"कधी कोणा अधिकाऱ्याला खोटं सांगितलं आहे?"

नाही म्हणायला काय लागतं? एकच शब्द, आणि तो जिभेवर तयार होता. एका गावातल्या एका पोलिसाचा कागद इथे पोचलाय की नाही, कोण जाणे. टेबलाखाली अथर्वचा बूट तिच्या बुटाला लागला. गप्प करायला की धीर द्यायला, तिला कळलं नाही. तिला जिन्याच्या मधल्या पायरीवर दप्तर घेऊन उभी असलेली निधी दिसली.

"हो," चारुता म्हणाली.

बाईचं पेन थांबलं. तिने पहिल्यांदाच मान वर केली, चष्मा काढून फाइलवर ठेवला आणि म्हणाली, सांगा.

चारुताने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आमच्या गावात," ती म्हणाली, "एका वकिलाची तसबीर आहे."